सेवेची मर्यादा

जयपूरच्या जयनिवास उद्यानात श्रीगोविंददेवजींचे मंदिर आहे. तेथे दिवसातून सात झांक्या होतात: मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या आणि शयन. प्रत्येक झांकीनंतर दर्शन बंद होते. राजभोगानंतर तर देव विश्रांतीच घेतात. लांबून आलेला यात्रेकरूही तेव्हा मुकाट्याने थांबतो. देव निष्ठुर झाले, असे कोणी म्हणत नाही.

त्याच नगरातील एखादी अबोल गृहिणी दुपारी घटकाभर दार लोटून बसली, तर मात्र ती माणूसघाणी ठरते. मग ती दार उघडेच ठेवते, आल्यागेल्याचे करते, हसते. आणि काही वर्षांनी तिला ना स्वयंपाकात गोडी राहते, ना पूजेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा शिणवट्याची व्याख्या केली, परंतु ती नोकरीव्यवसायापुरतीच. स्वयंपाकघर त्या व्याख्येत बसत नाही. त्याच वर्षीच्या भारत सरकारच्या पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी एकांतस्थानाचे सेवन आणि लोकसमुदायात न रमणे ही दोन्ही गणली आहेत. तेथील ‘विविक्त’ हा शब्द आणि ‘विवेक’ हा शब्द एकाच धातूपासून झाले आहेत; वेगळे करणे हा त्या धातूचा अर्थ. जो स्वभाव ऋषीच्या ठायी भूषण, तोच सुनेच्या ठायी दोष कसा व्हावा?

येथे कोणी शंका घेईल की, देहाला क्लेश होतील या भयाने कर्म टाकणे हा राजस त्याग होय, असे अठरावा अध्यायच सांगतो. शंका रास्त आहे. ‘मला विश्रांती हवी’ या सबबीखाली आजारी सासऱ्याचे पथ्यपाणी टाळणे हा धर्म नव्हे. परंतु त्याच अध्यायात, परिणाम, हानी आणि स्वतःचे सामर्थ्य न पाहता आरंभिलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. हा भाग प्रवचनांतून सहसा वगळला जातो, आणि गृहिणींना पहिलाच तेवढा ऐकविला जातो! तेव्हा प्रश्न कर्म सोडण्याचा नसून, कोणते कर्म नियत आणि कोणते केवळ भिडेखातर अंगावर घेतलेले, हे निवडण्याचा आहे. सासऱ्यांचे औषध नियत होय. प्रत्येक बारशाला आणि हळदीकुंकवाला हजेरी लावणे तसे नव्हे.

अबोल स्त्रीची अडचण अशी की, ती नकार बोलत नाही, साठवते. आणि तो एके दिवशी संतापाच्या रूपाने बाहेर पडतो. मंदिरातील दर्शन अवचित बंद होत नाही. वेळ ठरलेली व सर्वांना ठाऊक असते. तसे तिनेही शांत वेळी, थोडक्या शब्दांत सांगून ठेवावे: दोन ते तीन मी कोणाशी बोलणार नाही. कारणे देत बसू नये. कारण दिले की वाद सुरू होतो. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर केवळ एकांतावर विसंबू नये, वैद्याला दाखवावे.

आणि दोन ते तीनच्या दरम्यान पाहुणा आला तर चहा कोणी ठेवायचा, हे घरातील पुरुषांनी आदल्या दिवशीच आपसांत ठरवून घ्यावे.