डोंगरावरचे चर्च : चढ आणि अडथळा

देवाकडे जाणारी वाट सोपी असावी की कठीण? प्रश्न जुनाच आहे, पण आपल्या काळात त्याला नवी धार आली आहे. आज चर्चच्या दारापर्यंत मोटार येते. पायऱ्यांच्या बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला जातो, ध्वनिक्षेपकामुळे शेवटच्या बाकावरही शुभवर्तमान ऐकू येते, अंथरुणाला खिळलेल्यांना घरबसल्या मिस्सा पाहता येते. ही सारी सोय चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्याचा अधिकार धडधाकट माणसाला तर मुळीच नाही. तरीही जगात अशी काही ख्रिस्तमंदिरे आहेत की जी डोंगराच्या माथ्यावर उभी आहेत, जेथे मोटाररस्ता जात नाही आणि जेथे जाण्यासाठी माणसे आजही घाम गाळतात. ही माणसे नेमके काय शोधतात? आणि ज्यांना तो चढ चढवत नाही त्यांचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक डोंगर डोळ्यांपुढे ठेवू या. मेयो परगण्यातील या डोंगराचे नाव क्रो पॅट्रिक. उंची ७६४ मीटर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षा थोडी कमी. पण मरिस्क गावातून निघणारी वाट जवळजवळ समुद्राच्या काठापासूनच सुरू होते. त्यामुळे सारी उंची पायांनीच मोजावी लागते. शेवटचा टप्पा सुट्या, निसरड्या दगडांचा आहे. तेथे हाती काठी नसेल तर दोन पावले वर जाताना एक पाऊल खाली येते. माथ्यावर एक लहानसे पांढरे चर्च आहे. ते १९०५ साली बांधले गेले. त्याचे सामान गाढवांच्या पाठीवरून आणि माणसांच्या खांद्यांवरून वर नेण्यात आले.

चर्च शंभर-सव्वाशे वर्षांचे असले, तरी तेथील प्रार्थना फार जुनी आहे. पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये सुवार्ता सांगणाऱ्या संत पॅट्रिक यांनी या डोंगरावर चाळीस दिवस उपवास केला, असे सातव्या शतकातील तिरेखान या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. मोशे, एलिया आणि प्रभू येशू यांच्या उपवासाचा तो कित्ता होता. १९९४-९५ मध्ये माथ्यावर झालेल्या उत्खननात एका लहान दगडी प्रार्थनागृहाचे अवशेष सापडले, ते इ. स. ४३० ते ८९० या काळातील असावेत असे कार्बन चाचणीवरून ठरले. १११३ साली संत पॅट्रिक यांच्या सणाच्या सुमारास वीज कोसळून येथे उपवास करणारी तीस माणसे मरण पावल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. १४३२ मध्ये पोप युजीन चौथे यांनी येथील यात्रेकरूंना पापदंडाची सूट जाहीर केली. जुलै महिन्याचा शेवटचा रविवार हा यात्रेचा मुख्य दिवस. त्या दिवशी हजारो भाविक चढतात आणि काही जण तर अनवाणी.

यात्रेचे विधी साधे आहेत. पहिले स्थान शेवटच्या चढाच्या पायथ्याशी. तेथील दगडांच्या राशीभोवती सात प्रदक्षिणा घालायच्या. सात वेळा प्रभूची प्रार्थना, सात वेळा नमो मरिया आणि एकदा श्रद्धेचा अंगीकार म्हणायचा. दुसरे स्थान माथ्यावर. तेथे चर्चभोवती पंधरा प्रदक्षिणा. तिसरे स्थान पलीकडच्या उतारावर आहे. त्याचे नाव मरियेची दफनभूमी. या तिसऱ्या स्थानाकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या कष्टाचे मोल काय? एक उत्तर आपल्या मनात सहज येते आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. ते असे, की कष्ट ही किंमत आहे. जितके पाय रक्ताळतील तितकी कृपा अधिक मिळेल. असे मानणारा माणूस नकळत देवाला दुकानदार बनवतो. कृपा विकत मिळत असती तर तिला कृपा म्हटलेच नसते. शमरोनी स्त्रीने विहिरीपाशी प्रभूला नेमका डोंगराचाच प्रश्न विचारला होता. आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही यरुशलेम म्हणता. तर खरे स्थान कोणते? प्रभूने दोन्हींपैकी एकही निवडले नाही. पित्याची उपासना आत्म्याने व सत्याने करणाऱ्यांची वेळ आली आहे, असे त्याने तिला सांगितले. तेव्हा उंचीमुळे देव जवळ येतो, ही समजूत शुभवर्तमानात टिकत नाही.

मग दुसरे टोक गाठावे काय? वरच्या चर्चमधील मिस्सा आणि खालच्या गावातील मिस्सा एकच, ख्रिस्तशरीर तेच, मग चढायचेच कशाला? हा युक्तिवाद बिनचूक वाटतो, पण तो माणसाला अर्धाच ओळखतो. आपण केवळ बुद्धीने प्रार्थना करणारे जीव नाही. आपण गुडघे टेकतो, हात जोडतो, कपाळावर राख लावून घेतो, पाण्याने बाप्तिस्मा घेतो. मनाला जे कळले ते शरीराच्या गळी उतरायला वेळ लागतो आणि हा वेळ चढावर मिळतो. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यालाही विठ्ठल आपल्या गावातल्या देवळात भेटतोच. तरी तो चालतो. का चालतो हे त्याला विचारून पाहावे. जगात बहुतेक कामे दुसऱ्याकडून करून घेता येतात, पण चढ कोणाकडून करवून घेता येत नाही. तेथे श्रीमंताला व गरिबाला, फादरला व गड्याला तेच दगड आणि तोच वारा असतो.

या डोंगराने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. १९८० च्या दशकात त्याच्या पोटात सोने असल्याचे आढळले. खाण काढावी असा विचार पुढे आला. मेयो हा काही पिढीजात सुबत्तेचा प्रदेश नव्हे. बटाट्यावरील रोगामुळे १८४५ नंतर पडलेल्या भीषण दुष्काळात त्याने अपार सोसले. त्या दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक १९९७ साली याच डोंगराच्या पायथ्याशी उभारले गेले. अशा भूमीतील लोकांनी खाणीला विरोध केला आणि तेथील परगणा परिषदेनेही खाण नको असे ठरवले. सोने आजही डोंगरातच आहे. उपयोग नसलेल्या चढाचे मोल त्या लोकांनी सोन्याहून अधिक मानले. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला मात्र त्यात श्रद्धेचा शहाणपणा दिसतो.

तरीही सर्वांत अवघड प्रश्न उरतोच. धर्मग्रामातील घरभेटींत तो अनेक रूपांनी भेटतो. एखादी वृद्ध माता सांगते, "फादर, मुलगा दुखण्यातून उठला तर वांद्र्याला माउंट मेरीला पायी येईन, असा मी नवस बोलले होते. मुलगा बरा झाला. आता माझे गुडघेच चालत नाहीत. माता रागावेल का?" या प्रश्नामागची भीती खरी असते, म्हणून त्यावर हसू नये. ख्रिस्तसभेने त्याचा फार पूर्वीच विचार केला आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११९१ प्रमाणे नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचे देवाला दिलेले वचन. 'शक्य' हा शब्द तेथे उगाच घातलेला नाही. कलम ११९६ प्रमाणे योग्य कारण असेल आणि इतरांच्या हक्कांना बाध येत नसेल, तर धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू खाजगी नवसातून मोकळीक देऊ शकतो. आणि कलम ११९७ प्रमाणे तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत नवस बदलण्याची मुभा नवस बोलणाऱ्याला स्वतःलाच आहे. त्या मातेने शेजारच्या एकाकी आजारी बाईपाशी रोज तासभर बसावे. तो तासही तिच्यासाठी एक चढच असेल.

म्हणून मला वाटते, की चढ आणि अडथळा यांतला भेद आपण नीट ओळखला पाहिजे. चढ मी स्वतःहून, प्रेमाने पत्करतो. अडथळा मी दुसऱ्याच्या वाटेत ठेवतो. दगड तोच असतो, पण तो मी माझ्या वाटेवर स्वीकारला तर प्रायश्चित्त होते आणि दुसऱ्याच्या वाटेवर टाकला तर पाप होते. प्रभूसाठी वाट तयार करा, डोंगर सखल करा, असे यशया संदेष्टा सांगतो तेव्हा तो दुसऱ्यांच्या वाटेबद्दल बोलत असतो. आणि पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छत उघडून येशूपुढे खाली सोडले तेव्हा, तू स्वतःच्या पायांनी का आला नाहीस, असे येशूने त्याला विचारले नाही. संत मार्क लिहितात, की त्याने त्यांचा विश्वास पाहिला. त्या एकट्याचा नव्हे, त्यांचा!

क्रो पॅट्रिकच्या लोकांनी हा भेद व्यवहारात सांभाळलेला दिसतो. १९७३ पर्यंत ही यात्रा बहुधा रात्रीच्या अंधारात होत असे. पुढे ती दिवसा होऊ लागली. वर्षाला सुमारे लाखभर माणसांच्या पायांनी वाट खचू लागली, माती वाहून गेली, अपघात वाढले. तेव्हा २०२१ पासून पुढे काही वर्षे कारागिरांनी डोंगरावरचेच दगड हातांनी बसवून वाट दुरुस्त केली. पण माथ्यापर्यंत मोटाररस्ता केला नाही. यात्रेच्या दिवशी डोंगरबचाव पथकांचे स्वयंसेवक उभे असतात आणि घसरून पडलेल्यांना स्ट्रेचरवरून खाली आणतात. दुसऱ्यांना वर जाता यावे म्हणून ते त्या दिवशी आपली यात्रा बाजूला ठेवतात. शुभवर्तमानातील ते चौघे असेच असतील.

आपल्याकडे असे उंच डोंगर नसतील, पण वाटेतले दगड आहेतच. उपवासकाळात पदयात्रा केलेला तरुण न गेलेल्याला कमी लेखतो, तेव्हा तो आपल्या चढाचा अडथळा करतो. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून एखादी आजी मिस्सा चुकवते आणि तिला हात द्यायला कोणी थांबत नाही, तेव्हा तो दगड साऱ्या धर्मग्रामाने ठेवलेला असतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातला थोरला भाऊ वर्षानुवर्षे शेतात राबला. त्याचे कष्ट खोटे नव्हते. परंतु त्या कष्टांचा त्याने हिशेब मांडला आणि तो घराबाहेरच उभा राहिला.

आता त्या तिसऱ्या स्थानाची गोष्ट. माथ्यावरील प्रदक्षिणा संपल्या की यात्रा पूर्ण झाली, असे नाही. मरियेची दफनभूमी माथ्याखाली आहे. तेथील तीन राशींभोवती प्रत्येकी सात प्रदक्षिणा घातल्यावरच विधी संपतो. म्हणजे उतरणे हादेखील प्रार्थनेचाच भाग आहे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप बांधून तेथेच राहायचे होते. प्रभूने त्याला खाली आणले, आणि खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. डोंगरावरचे चर्च जेथे आहे तेथेच असू द्यावे. ज्याला शक्य आहे त्याने आनंदाने चढावे. पण त्याचे चढणे खरे होते की नाही, हे माथ्यावर कळत नाही. खाली वाट पाहणाऱ्यापाशी तो थांबला की नाही, यावरून ते कळते.