ज्या जिवास धनी नाही

मोठमोठ्या धर्मप्रश्नांवर वाद करणे सोपे असते, कारण ते प्रश्न बहुधा आपल्या दाराशी येऊन उभे राहत नाहीत. परंतु कित्येक लहान प्रश्न असे असतात की ते दाराशी येऊन बसतात आणि त्यांचे उत्तर हातांनीच द्यावे लागते. असाच एक प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील अमडापूर येथे, किंवा तशाच दुसऱ्या कोणत्याही गावी, पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्या पडवीच्या कडेला आजारी मांजर पडलेले आढळते. डोळे चिपडांनी मिटलेले, नाकातून पाणी वाहते आहे, पोट पाठीला लागलेले. ते कोणाचेच नसते. अशा जिवाविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते किती?

गावात ह्या प्रश्नाची तीन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, "ते आपले थोडेच आहे?" दुसरा म्हणतो, "माणसाला औषध मिळेना, तेथे मांजराला कोठून आणावे?" तिसरा म्हणतो, "मरायला टेकले आहे. आता हात लावून काय उपयोग?" ही तिन्ही उत्तरे दुष्टपणाची आहेत असे आम्ही म्हणत नाही. ती गरिबीतून आणि अनुभवातून आलेली आहेत. म्हणूनच त्यांचा विचार नीट केला पाहिजे.

तत्पूर्वी एका जुन्या समजुतीकडे पाहू. मांजर मारले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ह्या धाकाने पुष्कळ मांजरांचे प्राण वाचले असतील, हे आम्ही कबूल करितो. पण धाकाचा धर्म फार लांब जात नाही. मांजर मारावयास जो भितो, तोच नको असलेली पिले पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून येतो, आणि आपल्या हातून पाप घडले नाही म्हणून रात्री स्वस्थ झोपतो. पिले उपासाने मरतात, ती त्याच्या डोळ्यांआड. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण हसून म्हणतो. येथे डोळे मिटणारा माणूस आहे. जीव न घेणे ही एक गोष्ट व जीव जपणे ही दुसरी. पहिलीला भीती पुरते. दुसरीला दया लागते. भूतदया हा शब्द आपण ज्या गुणासाठी वापरितो, तो गुण दुसऱ्या गोष्टीपासून सुरू होतो.

आता पहिले उत्तर घेऊ. "ते आपले नाही." पण दयेला मालकीचा दाखला लागतो, असे कोणी शिकविले? तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींविषयी लीळाचरित्रात अशी हकीकत आहे की, पारध्यांनी पिटाळलेला एक ससा त्यांच्या आश्रयास आला, आणि जो आश्रयास आला त्यास त्यांनी सोडून दिले नाही. तो ससा काही त्यांच्या घरचा नव्हता. पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेले पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवास पाजले, ही कथा तर मराठी मुलामुलींस पाठच असते. त्या गाढवाचा धनी कोण होता, हे कथा सांगणारा कधीच सांगत नाही, व ऐकणारा कधीच विचारीत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात याहूनही पुढची पायरी आहे. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले, तरी तसेच सोडून जाऊ नये, तर त्यास उठविण्यास साहाय्य करावे, अशी तेथे आज्ञा आहे. वैऱ्याच्या जनावराविषयी जर कर्तव्य आहे, तर ज्याचा कोणीच धनी नाही त्याच्याविषयी ते कसे नसेल? घरच्या मांजराचे नाव आपल्या पवित्र शास्त्रात आढळत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु क्षुल्लक नाण्यास दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्याही पित्याच्या दृष्टीआड नाहीत, हे प्रभूने सांगितल्यावर नावांची यादी मागणे व्यर्थ आहे. शिवाय मांजर आपले अगदीच परके नाही. बियाणे, ज्वारी, सोयाबीनची पोती उंदरांपासून राखण्याचे काम ते गावात बिनपगारी करीत असते. निरोगी असताना ज्याची चाकरी घेतली, ते आजारी पडताच अनोळखी ठरवावे, हा न्याय नव्हे.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. मनुष्य आधी, हे आम्हांस मान्य आहे. लेकराच्या औषधाचे पैसे मांजरावर खर्चावे, असे कोणताही शहाणा मनुष्य सांगणार नाही. पण दया ही कणगीतल्या धान्यासारखी नसते की एकास मापून दिली म्हणजे दुसऱ्यास उरत नाही. इतिहास पाहता उलटच दिसते. इ. स. 1824 मध्ये लंडन शहरी आर्थर ब्रूम नावाच्या पाळकाच्या पुढाकाराने प्राण्यांच्या छळास आळा घालणारी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्स होते, की ज्यांनी गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी आपले आयुष्य वेचले. मनुष्यांच्या बेड्यांकडे ज्यांची नजर गेली, त्यांचीच नजर मुक्या जनावरांकडेही गेली. संस्थेच्या कर्जापायी त्या पाळकास पुढे तुरुंगवासही भोगावा लागला. आपल्या मुंबईत असे काम करणारी संस्था 1874 साली निघाली, आणि 1883 साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले; ते आजही चालू आहे. आणि वऱ्हाडातील माणसास दूर जाण्याचे तरी काय कारण? अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावे झाडीत, भुकेल्यास अन्न व निराश्रितास आसरा द्या म्हणून सांगत. आणि त्याच तोंडाने देवापुढे बकरी-कोंबडी कापू नका, मुक्या प्राण्यांस अभय द्या, असेही सांगत. माणसांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्यास जनावरांसाठी कळवळा उरला नाही, असे झाले नाही. जो आजाऱ्याच्या कण्हण्यास बहिरा होतो, तो बहुधा मांजरापासून सुरुवात करितो आणि पुढे शेजाऱ्याच्या म्हातारीपर्यंत पोहोचतो.

परंतु दयेस ज्ञानाची जोड नसेल, तर तीच दया घातक होते. म्हणून येथे काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम स्वतःचे व मुलांचे रक्षण. मांजरासही पिसाळण्याचा रोग होतो. जे मांजर विनाकारण अंगावर धावून येते, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याला गिळता येत नाही किंवा जे झोकांड्या खाते, त्यास कोणीही हात लावू नये. मुलांस दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. कोणत्याही मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. चुना, तिखट, तेल, हळद काही लावू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घेण्यास सुरुवात करावी व ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. मांजर कसे राहते ते पाहू आणि मग ठरवू, असे म्हणून थांबू नये. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे बहुधा मनुष्य वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र वाचतो. 1885 साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या 9 वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचली. आज ती आपल्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. गंडा-दोरा करीत बसणे हे त्या मुलाच्या जिवाशी खेळणे होय.

मांजर शांत असेल तर जाड गोणपाटात धरून झाकणाच्या टोपलीत, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे. थंडीने काकडले असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. पिण्यास पाणी ठेवावे, पण बळेच घशात ओतू नये. ते छातीत जाते. आपण मायेने दूध पाजावयास जातो, परंतु मोठ्या मांजरास बहुधा दूध पचत नाही व ढाळ वाढतात. त्यापेक्षा मीठ-कांद्याविना शिजविलेली मासळी, कोंबडीचे मांस किंवा अंडे कोमट करून थोडे थोडे द्यावे. नाक चोंदलेल्या मांजरास वास आल्यावाचून भूक लागत नाही. डोळ्यांची चिपडे कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी. आपल्या घरच्या मांजरापासून त्यास अलग ठेवावे आणि हात लावल्यावर साबणाने हात धुवावे. गरोदर स्त्रियांनी मांजराच्या विष्ठेस हात लावू नये.

आणि हे विशेष ध्यानात ठेवावे: माणसाची तापाची गोळी मांजरास कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरास पचविता येत नाही. एका गोळीनेही ते मरू शकते. गोठ्यातील गोचिडांवर मारण्याचे औषध व फिनेलही त्यास विषच आहे. औषध पशुवैद्यानेच द्यावे. सरकारचे फिरते पशुवैद्यकीय पथक 1962 ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मिळते. ते मुख्यत्वे गुराढोरांसाठी आहे, तरी सल्ला विचारण्यास संकोच कशाला? अकोला येथे पशुवैद्यक शिकविणारी मोठी संस्थाही आहे.

तिसरे उत्तर राहिले: "मरणारच आहे." कदाचित मरेल. मांजरांच्या कित्येक रोगांत, विशेषतः पिलांस होणाऱ्या वांती-ढाळीच्या साथीत, पुष्कळ प्रयत्न करूनही जीव जातो. पण केवळ यशावर मोजली तर कोणतीच सेवा टिकणार नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी आपण पाणी घेऊन बसतो, ते तो उठून बसेल म्हणून नव्हे. कोरडी जागा, थोडी ऊब, कुत्र्यांपासून व पोरांच्या दगडांपासून आडोसा, इतके देण्यास पैसा लागत नाही. वेदना असह्य असून सुटकेची आशा नसेल, तर पशुवैद्य त्या जिवास शांतपणे निरोप देऊ शकतो. तोही दयेचाच भाग आहे.

आणि मांजर वाचले तर? तर त्याची लस टोचून घ्यावी, व होईल तेथे शस्त्रक्रिया करवावी, म्हणजे पुढच्या वर्षी पोत्यात घालण्याची पिलेच जन्मास येणार नाहीत. जनावर उपाशी-तहानेले मरेल अशा रीतीने टाकून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे 1976 च्या दुरुस्तीपासून आपल्या राज्यघटनेतही नागरिकाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. तथापि नाल्याच्या काठी शिपाई उभा नसतो. तेथे आपण व तो जीव एवढेच असतो.

वाचकहो, ज्याच्याकडून मोबदला येईल, ज्याच्या भाऊबंदांची भीड पडेल, त्याच्यावर दया करणे फारसे कठीण नाही. बेवारशी मांजर कोणाजवळ आपली स्तुती करणार नाही, की मतदानास येणार नाही. म्हणूनच आपल्या अंतःकरणाचे खरे माप तेथे लागते. आपली मुले हे माप पाहत असतात. पडवीच्या कडेला पडलेल्या त्या जिवापुढे वडिलांनी दगड उचलला, की पाण्याची वाटी ठेवली, हे ती विसरत नाहीत. आणि उद्या आपण म्हातारे होऊन त्याच पडवीत पडून राहू, तेव्हा तोच धडा ती आपल्यापुढे म्हणून दाखवितील.