दोन मित्र, दोघांनाही काळजी

आजचं वाचन : १ शमुवेल २३:१४-१८ आणि २ शमुवेल १३:१-५



संगतीचा विषय निघाला की आपल्या यूथ मीटिंगमध्ये यादी ठरलेली असते. दारू पिणारे, शिव्या देणारे, चर्चला न येणारे. यांच्यापासून लांब राहा, झालं. पण आजचे दोन उतारे शेजारी ठेवून वाचले आणि वाटलं, आपली यादीच चुकतेय.

अम्नोन हा दावीद राजाचा थोरला मुलगा. त्याचा मित्र योनादाब म्हणजे त्याचा चुलतभाऊ, घरातलाच. शास्त्र त्याला दुष्ट म्हणत नाही, फार चतुर म्हणतं. आणि बघा, अम्नोन दिवसेंदिवस खंगत चाललाय हे त्याच्याच लक्षात येतं. तोच विचारपूस करतो. किती प्रेमळ वाटतो ना? मग अम्नोन सांगतो की सावत्र बहीण तामार हिच्यावर त्याचं मन गेलंय. इथे योनादाब त्याला थांबवू शकला असता. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी त्याने युक्ती दिली : आजाराचं सोंग घे, राजा भेटायला आला की तामारला जेवण करायला पाठवा म्हण. पुढे तामारवर काय गुदरलं ते आपल्याला माहीत आहे. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा जीव घेतला. तेव्हा योनादाब कुठे होता? दावीदाजवळ, सुखरूप. एकटा अम्नोनच मेलाय, बाकीचे राजपुत्र वाचलेत, असं शांतपणे समजावत होता. अंगावर काटा येतो.

आता जीफच्या रानात या. दावीद लपलाय. ज्या कईला गावाला त्याने नुकतंच वाचवलं, तेच लोक त्याला शौलाच्या हाती देणार होते. शौल रोज शोधतोय पण सापडत नाही, आणि शौलाचाच मुलगा योनाथान मात्र बरोब्बर पोहोचतो. राजगादी खरं तर याची. तरी तो दावीदाला सांगतो की राजा तू होशील, मी तुझ्या खालोखाल असेन. तो सैन्य आणत नाही, पळून जायची वाट दाखवत नाही, स्वतःच्या बापाला शिव्याही घालत नाही. देवाने दिलेलं वचन तेवढं आठवून देतो.

दुःख दोघांनाही दिसलं होतं. एकाने मित्राची इच्छा उचलून धरली, दुसऱ्याने त्याचा देवावरचा विश्वास.

मग कोणी विचारेल, येशू तर लेवी जकातदाराच्या घरी पंगतीला बसला, त्याचं काय? बरोबर आहे. पौलसुद्धा १ करिंथ ५ मध्ये स्पष्ट करतो की जगातल्या पापी माणसांशी संबंधच तोडायचे तर जगातूनच निघून जावं लागेल. म्हणजे ऑफिसातल्या मित्रांबरोबर डबा खाणं हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की रात्री अकरा वाजता, मन पार खचलेलं असताना, आपण मेसेज कोणाला करतो? आणि त्याचं उत्तर आल्यावर काय करतो? रील्सचंही तेच. आपल्याला जे ऐकायचंय तेच पुन्हा पुन्हा पुढे आणणारा तो फोन चांगलाच चतुर आहे!

खरं सांगू? हे लिहिताना मला माझे मित्र आठवले नाहीत, मीच आठवले. एका मैत्रिणीचं भावाशी घरावरून वाजलं होतं. ती रडत होती. मी तिच्या बाजूने उभी राहिले, अगदी प्रेमाने. म्हटलं, तुझंच बरोबर आहे, कर ब्लॉक त्याला. तिने केलं. तिला फार हलकं वाटलं, मलाही. दीड वर्ष झालं, नाताळातही दोघं बोलले नाहीत. आम्ही एकाच कॉयरमध्ये गातो, म्हणजे वाईट संगत म्हणून माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. काल तिला फोन केला आणि म्हटलं, तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रविवारी बोलू.

योनाथान त्या रानात फार थांबला नाही. परमेश्वरासमोर दोघांनी करार केला, दावीद तिथेच राहिला आणि तो घरी गेला. त्यानंतर त्यांची भेट झाल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.