तो खात नाही

सरकारी माणसाची आपण जास्तीत जास्त स्तुती करतो ती चार शब्दांत : 'तो खात नाही हो!' एवढं म्हटलं की ऐकणारा मनोमन हात जोडतो. पुढं कुणी विचारत नाही, की बुवा, खात नाही हे ठीक; पण करतो काय? स्वयंपाकाला बाई ठेवताना 'ती चोरत नाही' एवढ्यावर आपण थांबत नाही. हाताला चव आहे का, तेही विचारतो. कचेरीच्या बाबतीत मात्र आपण इतके पोळलेले आहोत, की दुसऱ्याच्या नुसत्या न खाण्यानंच आपलं पोट भरतं.

आमच्या शेजारच्या काकूंना असाच एक न खाणारा भेटला. यजमान गेल्यावर काकूंनी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला. यजमानांच्या सेवापुस्तकात काकूंच्या नावाला 'बाई' जोडलेलं, रेशनकार्डावर ते गळलेलं. तेव्हा या बाया एक की दोन, असा पेच कचेरीला पडला. टेबलापलीकडच्या गृहस्थांची सचोटी अशी, की काकूंनी परसातली चार लिंबं नेली, तीही त्यांनी परत केली. प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. ते आणलं, तर फोटो साक्षांकित नव्हता. तो केला, तर एक प्रत कमी. दर खेपेला एकच त्रुटी. दुसरी पुढल्या खेपेसाठी राखून ठेवलेली. पाच महिने काकू वाण्याकडून उधारीवर सामान आणत होत्या. पण तक्रार नाही. 'माणूस देव आहे,' म्हणायच्या. खरंच आहे, देवाच्या दारीही असंच ताटकळावं लागतं.

यावर आमचे एक स्नेही उसळून म्हणाले, 'त्यापेक्षा खाणारा बरा! पैसे घेतो, पण संध्याकाळी कागद हातात ठेवतो!' बोलणं पटकन पटतं, पण ते उलटं आहे. भ्रष्टाचारावरच्या संथानम समितीनं १९६४ च्या अहवालात त्याच्या कारणांमध्ये दिरंगाईला मानाचं पान दिलं होतं, आणि काम हलवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या 'स्पीड मनी'चीही दखल घेतली होती. काम आपोआप चालत असेल, तर वेग विकत कोण घेईल? एक जण कुलूप घालतो, दुसरा किल्ली विकतो. पहिला पैशाला शिवत नाही, हे मान्य. पण दुसऱ्याचं दुकान चालतं ते त्याच्याच जिवावर.

आणि तो पहिला काही दुष्ट नसतो. भ्यालेला असतो. चुकीच्या माणसाला पैसे दिले, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, खुलासा मागतात. बरोबर माणसाला पाच महिने दिले नाहीत, तर कुणी काही विचारत नाही. सही करणारा सापडतो, न करणारा सुखरूप निवृत्त होतो. ही गोष्ट नव्या कारकुनाला कुणी शिकवत नाही. शेजारच्या टेबलाकडे बघून तो आपणच शिकतो.

नियम मात्र शहाणे आहेत. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा एकाच दमात सांगितल्या आहेत. एक असली की दुसरी माफ, असं कुठं म्हटलेलं नाही. बदल्या आणि दिरंगाईबद्दलचा २००५ चा कायदा तर सांगतो, की साधारणपणे कुठलीही फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण सहाव्या दिवशी 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारला, की कायदाही खूश आणि टेबलही स्वच्छ!

सचोटी हवीच, तिच्यावाचून बाकी सगळं फुकट. पण ती एकादशीसारखी आहे. उपास करावा, जरूर करावा, त्याचं पुण्यही घ्यावं. मात्र आपल्याला उपास आहे म्हणून दारी आलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवायचं नसतं. वाढणाऱ्याचं काम वाढण्याचं. तेव्हा यापुढं कुणी 'तो खात नाही' म्हणालं, तर आपण अदबीनं विचारावं : 'छान! पण वाढतो का?'