लिंबू-टिंबूची बगी

गल्ली क्रिकेटचे दोन कायदे कुणी कधी लिहून ठेवले नाहीत, पण ते सगळ्यांना पाठ असतात. पहिला : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. दुसरा : कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये घुसलाच, तर तो लिंबू-टिंबू. त्याला आउट द्यायचं नाही आणि त्याच्या रन्सही मोजायच्या नाहीत. एक कायदा पैशाला मान देतो, दुसरा लहानग्यावर दया करतो. मला लहानपणी दुसऱ्याचा जास्त राग यायचा. बॅटवाला निदान आउट तरी व्हायचा. लिंबू-टिंबूला आउट होण्याचीसुद्धा सोय नसते. तो मैदानात असतो, पण खेळात नसतो.

गेली काही वर्षं मी रिमोटवर चालणाऱ्या बग्या पळवतो. एकास दहा प्रमाणातल्या, म्हणजे साधारण हातभर लांबीच्या, मातीवर उड्या मारणाऱ्या. पुण्याबाहेर एका मुरमाच्या मोकळ्या जागेवर आम्ही सात-आठ जण रविवारी जमतो, जुने टायर आणि पाइप मांडून ट्रॅक आखतो आणि शर्यती लावतो. बघायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी शेवटी विचारतंच, "दादा, पंधरा हजारांत पहिली बगी कोणती घेऊ?" प्रश्न खरेदीचा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं की त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न दिसतो : एवढ्या पैशांत मी तुमच्यात मोजला जाईन का?

आधी वरच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती बगी घेऊ नका, मग ती डब्यावर कितीही वेगवान दिसो. खेळण्यांच्या दुकानातली गाडी आणि शर्यतीची गाडी यांतला खरा फरक वेगाचा नाहीच, तो दुरुस्तीचा आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही पाइपवर आपटणार आणि पुढच्या चाकाचा सस्पेन्शन आर्म तुटणार. तो काही शे रुपयांत मिळाला तर छंद चालू राहतो, नाही मिळाला तर गाडी माळ्यावर जाते. दुसरं, सगळे पैसे गाडीत घालू नका. बॅटरी, बरा चार्जर आणि दोन जोड आर्म यांचे पैसे आधी बाजूला काढा. लिपो बॅटरी घेतली तर बॅलन्स चार्जर लागतोच, आणि ती समोर बसून चार्ज करायची. रात्री लावून झोपायचं नाही, आग लागू शकते. तिसरं, ब्रश्ड ५४० मोटरची, मागच्या दोन चाकांवर चालणारी साधी गाडी घ्या. चार चाकांवर चालणारी वळणात सांभाळून घेते, पण तिच्यात मोडण्यासारखे भागही जास्त असतात. आणि कुणी सेकंडहँड देत असेल, तर लाजू नका. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर गेलं, तेव्हापासून आमच्याकडे जुन्या गाडीला नव्यासारखाच मान आहे.

एवढं सांगून झालं की खालचा प्रश्न उरतो, आणि तो काही केल्या सुटत नाही.

१९८४ साली दोन बग्या बाजारात आल्या. जपानच्या तामियाची ग्रासहॉपर : प्लॅस्टिकचा टबसारखा सांगाडा, लहानशी ३८० मोटर, पोरासोरांना घरी बसून जोडता येईल अशी. आणि अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची आरसी१० : सोनेरी अॅल्युमिनियमचा सांगाडा, जन्मापासून शर्यतीसाठीच आखलेली. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन गाड्यांमध्ये या छंदाचं सगळं भांडण आलं. एक म्हणते, ये, खेळ. दुसरी म्हणते, ये, जिंक. ग्रासहॉपर आजही किट म्हणून मिळते. तिला बॉल बेअरिंग घातले आणि तिच्या वेड्यावाकड्या उड्यांवर प्रेम करायची तयारी ठेवली, तर पहिली गाडी म्हणून ती वाईट नाही. शर्यतीत मात्र ती शेवटी येईल, हेही सांगायला हवं.

योगायोग असा, की खेळ म्हणजे काय या प्रश्नावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाचं नावही 'द ग्रासहॉपर' आहे. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ते १९७८ मध्ये लिहिलं. इसापच्या गोष्टीतला नाकतोडा त्यात नायक आहे : मुंगी साठवत बसते, हा खेळत राहतो, आणि मरायला टेकला तरी आपल्या खेळण्याची बाजू मांडतो. सूट्सचं म्हणणं थोडक्यात असं, की खेळणं म्हणजे सोपा मार्ग समोर असताना तो आपणहून सोडणं, कारण अवघड मार्ग धरल्याशिवाय ती गोष्ट घडतच नाही. आमची बगी ट्रॅकभर फिरून पुन्हा निघाली तिथेच येते. पोहोचायचंच असेल तर ती उचलून काखेत मारून दोन पावलं चाललं तरी पुरे! पण मग शर्यत कुठे राहिली?

पैशाचा प्रश्न मला इथे धरून बघावासा वाटतो. आम्ही रविवारी कशासाठी जमतो? कोण नीट चालवतो आणि कोण गाडी नीट लावतो, हे बघायला. आज माती कोरडी आहे, शॉकमध्ये कुठल्या जाडीचं तेल घालायचं, टायर कुठले लावायचे, यात डोकं लागतं. टायर घ्यायला पैसे लागतात, पण पैसे असले म्हणून टायर निवडता येत नाहीत. तो खर्च खेळाच्या आतला. प्लॅस्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घालणं, हेही आतलंच. गाडी नीट फिरावी एवढाच त्याचा हट्ट. पण एखाद्याने सगळ्यांच्या दुप्पट ताकदीची मोटर बसवून आणली आणि सरळ पट्ट्यावर तो निघून गेला, तर त्याने नेमकं काय केलं? नियम मोडला नाही, फसवलं नाही. त्याने फक्त सोपा मार्ग धरला. गाडी काखेत मारून तो चालत गेला, इतकंच. काख महाग होती.

या युक्तिवादावर मी एकेकाळी फार खूश होतो. मग आमच्याच एका मित्राने त्याला भोक पाडलं. तो म्हणाला, "तुझ्या घराशेजारी मैदान आहे, तू रोज संध्याकाळी सराव करतोस. मी दोन शिफ्ट करतो. मी मोटर विकत घेतो, तू वेळ विकत घेतलास. फरक काय?" त्याच्या बाजूने मोठे लोकही उभे आहेत. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये मांडलं, की जन्मजात गुण हीसुद्धा आपली कमाई नव्हे, तीही सोडतच. बोटांची चपळाई, स्थिर नजर, लेथ चालवणारा बाप, हे सगळं कुणाला मिळतं, कुणाला नाही. पैसा काढून टाकला तर मैदान सपाट होत नाही. फक्त बाकीचे उंचवटे दिसायला लागतात.

त्याचं बरोबर आहे. तरी मला फरक वाटतो, आणि तो असा : माझा सराव ट्रॅकवर दिसतो. तिसऱ्या वळणावर मी ब्रेक कुठे मारतो, हे बघून तो उद्या तसं करून पाहू शकतो. हरणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळतं. त्याच्या मोटरमधून मला फक्त तिची किंमत कळते. म्हणजे सराव न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. तो निदान शिकवणारा अन्याय आहे. हे उत्तर पुरेसं नाही याची मला कल्पना आहे. दोन शिफ्ट करणाऱ्याला ते ऐकवताना माझा आवाज खाली जातो.

जगभरच्या क्लबांनी या दुखण्यावर काय काय औषधं काढली, ते बघण्यासारखं आहे. मोठ्या स्पर्धांत सगळ्यांना एकच टायर ठरवून देतात; कुठे कुठे मोटरसुद्धा आयोजकच वाटतात. 'स्टॉक' वर्गात मोटरच्या वेढ्यांची संख्या ठरलेली असते, आणि स्पीड कंट्रोलर जास्तीची करामत करत नाहीये हे सांगायला त्याच्यावरचा दिवा लुकलुकत राहतो. प्रामाणिकपणाचा दिवा! माणसांनाही बसवता आला असता तर, असं वाटून जातं. फॉर्म्युला वनसारख्या श्रीमंतांच्या दरबारालासुद्धा २०२१ मध्ये त्या वर्षापुरती १४.५ कोटी डॉलरची खर्चमर्यादा घालावी लागली. आणि माझी लाडकी युक्ती अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरची : ठरलेली रक्कम मोजली की जिंकणाऱ्याचं इंजिन दुसऱ्याला विकत घेता येतं. मग महागडं इंजिन आणणाऱ्याला तेच स्वस्तात गमवायची भीती. पोलीस नको, तपासणी नको. मी हा नियम आमच्याकडे सुचवला. सगळे हसले. आपल्याकडे तो चालणार नाही, कारण मित्राची मोटर त्याच्या तोंडावर काढून घ्यायला जी कोरडी वृत्ती लागते ती आपल्यात नाही, आपण भिडस्त. आपण घरी जाऊन मागे बोलतो.

पण या छंदात आणखी दोन रिवाज आहेत आणि मला ते या सगळ्या नियमांपेक्षा मोलाचे वाटतात. एक म्हणजे फायनलच्या पायऱ्या. पात्रता फेरीतल्या वेळेप्रमाणे ए फायनल, बी फायनल, सी फायनल. स्वस्त गाडी घेऊन आलेला सीमध्ये जातो, पण तिथे त्याच्या आजूबाजूला त्याच्याच वेगाचे लोक असतात. तिथे तो आउट होतो, पुढे जातो, हरतो, चिडतो. त्याचे रन्स मोजले जातात. सगळ्यांना समान करण्यापेक्षा प्रत्येकाला तोडीस तोड कुणीतरी देणं, हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं. दुसरा रिवाज मार्शलचा. तुमची शर्यत संपली की रिमोट ठेवायचा आणि पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहायचं. कुणाचीही बगी उलटली की धावत जाऊन ती सरळ करायची. चॅम्पियन असाल तरीही. ज्याच्या मोटरवर तुम्ही दोन तास चडफडत होतात, त्याचीही.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्यात एक बारावीतला मुलगा यायला लागला. कुणाकडून तरी सहा हजारांत घेतलेली जुनी दोन-चाकी बगी, एका शॉकला इलेक्ट्रिकची टेप. मग एका सदस्याने ब्रशलेस मोटरची, चौपट किमतीची गाडी आणली आणि तीन रविवार कुणालाच कुणाशी शर्यत लावता येईना. मुलगा बोलला काही नाही, यायचा थांबला. नवी गाडीवाला वाईट माणूस नाही, उलट त्यानेच मला विचारलं, "तो पोरगा कुठे गेला रे?" आम्ही सांगितलं. त्याने मोटर बदलायची तयारी दाखवली, पण मला त्यातला दयेचा वास आवडला नाही. मुलालाही आवडला नसता. त्याच्यासाठी कुणी हळू चालवणं म्हणजे पुन्हा लिंबू-टिंबूच.

शेवटी आम्ही २७ टर्नच्या साध्या मोटरचा एक वेगळा वर्ग काढला आणि त्यात मीही उतरलो. दया म्हणून नाही. कमी ताकदीत वळणाचा वेग सांभाळणं जास्त अवघड असतं आणि मला ते शिकायचंय. मुलाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "टायर पण एकच ठरवणार का?" नाही ठरवले, म्हणालो. तो म्हणाला, मग ठरवा, नाहीतर परत तेच. त्यावर आता आमच्यात वाद सुरू आहे. अर्धे म्हणतात टायर निवडणं हाच तर खेळ, अर्धे म्हणतात टायरचे चार जोड घेऊन येणाराच जिंकणार. मी आजपर्यंत पहिल्या बाजूचा होतो. रविवारी मतदान आहे; मुलगा येतोय, आणि त्याचंही एक मत धरलंय.