कण्हणं, हुंकार आणि ओंकार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन बँकेत पस्तीस वर्षं लेजर आणि कॅश सांभाळली, आणि निवृत्त झालो. जयंती अंकासाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला. पण यंदा मला लिहायचंय ते शब्दांबद्दल नाहीच. शब्दांच्या आधी आपल्या तोंडून जे निघतं त्याबद्दल लिहायचंय. कण्हणं, उसासा, हुंदका, हुंकार. यात परमार्थ कसला, असं तुम्ही म्हणाल. थोडं ऐकून घ्या.

मूल जन्माला आलं की पहिलं काय करतं? रडतं. त्या रडण्याला अर्थ नसतो, पण त्यानेच फुप्फुसांत हवा भरते आणि बाहेर बसलेल्या आजीचा जीव भांड्यात पडतो. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश जुळली की काउंटरवरून एकदम ‘हुश्श’ ऐकू यायचं. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. फुप्फुसांत हवेचे बारीक बारीक कोश असतात, त्यांतले काही मिटत जातात. खोल उसाशाने ते पुन्हा उघडतात. आपण तासाभरात दहा-बारा वेळा नकळत असा मोठा श्वास घेतो. बँकेत दिवसअखेर हिशेब जुळवायचा, देहाचा हिशेब भगवंताने तासातासाला जुळवायची सोय करून ठेवली आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

1997 चा मार्गशीर्ष. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. मी रजा काढून गुरुचरित्राचा सप्ताह धरला होता. सोवळं, अखंड दिवा, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी वाचन चालू असताना आतून आईचं कण्हणं ऐकू यायला लागलं. ‘आई गं... हं... हं...’ एका लयीत. माझ्या ओव्या चुकायला लागल्या. वाचताना मध्ये बोलायचं नाही हा नियम, म्हणून मी शब्द उच्चारला नाही. आतल्या खोलीच्या दिशेने नुसतं जोरात ‘हूं!’ केलं.

आईला कळलं. कण्हणं थांबलं. मी त्या दिवसाचे अध्याय पुरे केले. आज वाचन छान झालं, असं समाधानही वाटलं. पुढच्या आषाढात आई गेली.

2019 मध्ये मला पाठीवर नागीण झाली. ज्यांना झाली असेल त्यांना जास्त सांगायला नको. रात्रीचे दोन वाजलेले, मी दात आवळून पडलो होतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाईल म्हणून कण्हायची लाज वाटत होती. हिने दिवा लावला आणि म्हणाली, “कण्हा हो मोकळेपणाने. दाबून ठेवू नका.” मग मी कण्हायला लागलो. आग काही विझली नाही, पण सोसवायला लागली. पहाटे पहाटे ही हळूच म्हणाली, “त्या सप्ताहात आईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, तुमची पोथी होईपर्यंत. त्याला सांगू नकोस म्हणाल्या.” बावीस वर्षं हिने ते पोटात ठेवलं होतं.

पुढे वाचनात आलं, की सिंगापूरमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकांना खूप गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. ‘आऊ’ असं म्हणायची मुभा असली की हात जास्त वेळ ठेवता यायचा, गप्प बसून तेवढा नाही. त्या आवाजाचं नुसतं रेकॉर्डिंग ऐकवलं तर मात्र काही उपयोग झाला नाही. ज्याचं त्यानेच कण्हावं लागतं. मोबाइलवर नामजप लावून पेपर वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनीही यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आता गुरुचरित्राकडे येऊ. तेराव्या अध्यायातला पोटशूळाचा ब्राह्मण तुम्हाला ठाऊक आहे. दुखणं असह्य होऊन तो गंगेत जीव द्यायला निघतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला बोलावून घेतात, काय होतंय ते विचारतात, त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकतात. मग सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवायला घालतात आणि त्याचा शूळ जातो. जेवण हे औषध खरंच, पण त्याच्याआधी महाराजांनी त्याचं ऐकून घेतलं, हे आपण वाचताना पुढे ढकलतो.

सप्ताहात तेरावा अध्याय दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे ज्या दिवशी मी आईला ‘हूं!’ केलं, त्याच दिवशी त्याच तोंडाने मी हा अध्याय वाचला होता.

त्या दिवशी दत्तमहाराजांपर्यंत काय पोचलं असेल? माझी पोथी, की आईचं पदरात दाबलेलं कण्हणं? या हिशेबाला मला कॅल्क्युलेटर लागत नाही.

सगळ्या बिनशब्दाच्या आवाजांचा राजा म्हणजे ओंकार. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं, आणि ते सगळं याच्यावरच आहे: अ, उ, म आणि त्यांच्या पलीकडची चौथी, मात्रा नसलेली अवस्था. अकार ब्रह्मा, उकार विष्णू, मकार महेश, असं आपली परंपरा सांगते. म्हणजे ही त्रिमुखी दत्तमूर्तीच झाली. छातीवर हात ठेवून सावकाश म्हणून पाहा. ‘अ’ छातीत थरथरतो, ‘उ’ घशातून ओठांकडे येतो, ओठ मिटले की ‘म’ नाकात आणि कपाळात घुमतो. मग जी शांतता उरते तिच्यात लगेच दुसरा ओंकार घालू नका. क्षणभर थांबा.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजलं, की तोंड मिटून गुंजारव करताना नाकातून येणारा नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासाच्या पंधरा पट असतो, कारण त्या थरथरीने नाकालगतच्या पोकळ्यांत हवा खेळते. म्हणून कुणी डॉक्टरांची औषधं बंद करायची नाहीत. पण आपल्याकडे भ्रामरी प्राणायाम आहेच. अवधूतांनी जे चोवीस गुरू केले त्यांत भ्रमरही आहे. तो थोडं थोडं घ्यायला शिकवतो. मला वाटतं, गुणगुणत घ्यायलाही शिकवतो.

बुधवार पेठेतल्या दत्तमंदिरात गुरुवारी रांगेत उभं राहून कधी नुसतं ऐका. मागणं पाठ करून आलेला माणूस मूर्तीसमोर येतो, आणि त्याच्या तोंडून एवढंच निघतं: ‘हं...’ ओठ मिटतात, डोळे भरतात. तोही मकारच. आईचं ‘हं... हं...’ आणि ओंकाराचा मकार, यांत मला आता फरक करता येत नाही.

म्हणून या जयंतीला एवढंच सांगणं आहे. सप्ताहाला बसण्याआधी घरातल्या आतल्या खोलीचा कानोसा घ्या. कुणी कण्हत असेल तर त्याला गप्प करू नका. वाचताना मध्येच आवाज आला तर पोथीवर फूल ठेवा, उठा, पाठीवरून हात फिरवा, घोटभर पाणी पाजा, मग परत बसा. नियम मोडल्याचा दोष लागेल का, ते जाणत्यांनी सांगावं. मी तो दोष घ्यायला तयार आहे. दुसरा दोष मी एकदा घेतलेला आहे, आणि तो अजून फिटलेला नाही.

यंदाही मी सप्ताहाला बसतोय. आईचा फोटो आतल्या खोलीतून काढून पोथीच्या चौरंगासमोर ठेवला आहे. तेरावा अध्याय तिला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचणार आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥