दोन पारवे आणि एक पिशवी



आगमनकाळातील तिसरी, गुलाबी मेणबत्ती पेटली की घरोघरी दोन याद्या तयार होऊ लागतात. एक फराळाच्या सामानाची आणि दुसरी भेटवस्तूंची. पहिली यादी करताना घरात आनंद असतो. दुसरी करताना मात्र पुष्कळ घरांत सगळे गप्प होतात. कोणाला काय द्यायचे? गेल्या वर्षी त्यांनी आपल्याला काय दिले होते? परदेशातून आलेल्या भावाच्या मुलांपुढे आपली मुले कमी तर पडणार नाहीत ना? मग कोणी पतपेढीतून उचल घेतो, कोणी कार्डावर हप्ते बांधतो. नाताळ आठ दिवसांत आटोपतो, हप्ते मात्र पाऊस पडेपर्यंत चालू राहतात.

यावर एक उत्तर आपण नेहमी ऐकतो, "घरीच काहीतरी करून द्या, प्रेम महत्त्वाचे." उत्तर चांगले आहे. पण घरी केलेली वस्तू हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहणाऱ्याच्या मनात एक भीती असते, तिचा विचार या उत्तरात नाही. घेणारा काय म्हणेल, ही ती भीती. ती खोटी नाही. मला हे ठाऊक आहे, कारण एका नाताळात तो घेणारा मी होतो.

ही १९७८ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो. माझ्या स्नानसंस्काराच्या वेळी जी माझी धर्ममाता झाली, ती आईची चुलत बहीण. आम्ही तिला मावशीच म्हणत असू. तरुणपणीच तिचे यजमान गेले होते. घरामागच्या लहानशा वाडीतली फुले घेऊन ती पहाटेच्या लोकलने वसईहून दादरच्या बाजारात जाई आणि त्यावर घर चालवी. दर नाताळला ती माझ्यासाठी हाताने काहीतरी करून आणायची. त्या वर्षी तिने शाळेसाठी पिशवी शिवून आणली होती. तिच्या यजमानांच्या जुन्या पँटचे जाड कापड, आतून साडीचे अस्तर, कडेला लुगड्याचा काठ आणि वर माझ्या नावाचे पहिले अक्षर लाल दोऱ्याने भरलेले.

नेमके त्याच दिवशी आखाती देशातून आलेल्या काकांनी मला चुंबकाचे झाकण असलेली कंपासपेटी दिली होती. मी मावशीची पिशवी उलटीपालटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही तर जुन्या कपड्याची आहे!"

आईने डोळे वटारले. मावशी हसली आणि म्हणाली, "हो रे बाळा, जुन्याचीच आहे." मग ती उठली आणि स्वयंपाकघरात आईला मदत करायला गेली.

पुढच्या नाताळला तिने मला एक पाकीट दिले. त्यात पाच रुपयांची कोरी नोट होती. मी आनंदाने उड्या मारल्या. त्यानंतर ती दरवर्षी पाकीटच देत राहिली. माझ्यासाठी तिने पुन्हा काही शिवले नाही. त्या एका नोटेसाठी तिला किती फुले विकावी लागत असतील, हा हिशेब माझ्या डोक्यात यायला पुढे पंधरा वर्षे लागली. तोवर ती देवाघरी गेली होती. क्षमा मागायची राहून गेली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. भेट लहान कशामुळे होते? देणाऱ्याच्या गरिबीमुळे की घेणाऱ्याच्या नजरेमुळे? मावशीची पिशवी तिच्या हातात होती तोवर ती मोठीच होती. माझ्या एका वाक्याने ती लहान झाली.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला संत लूकच्या शुभवर्तमानातील एक लहानसे वाक्य फार मोलाचे वाटते. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात समर्पण करण्यासाठी मरियामाता आणि संत योसेफ गेले, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे पक्ष्यांची जोडी अर्पण केली (लूक २:२२-२४). हा नियम लेवीयच्या पुस्तकात आहे. बाळंतपणानंतर मातेने एक वर्षाचे कोकरू आणि एक पक्षी आणावा. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालतील (लेवीय १२:६-८). लूकने कोकराचा उल्लेखच केलेला नाही. म्हणजे जगाचा तारणारा ज्या घरात आला, त्या घराने गरिबांसाठी ठेवलेल्या सवलतीचा लाभ घेतला.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की योसेफने कोकरासाठी कर्ज काढले नाही. लोक काय म्हणतील म्हणून ते आपल्या ऐपतीबाहेर गेले नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. नियमानेच गरीब मातेसाठी दार उघडे ठेवले होते. दोन पारवे आणणारी स्त्री अर्धी शुद्ध आणि कोकरू आणणारी पूर्ण शुद्ध, असे तिथे लिहिलेले नाही. दोघींचे अर्पण पूर्णच. गरिबाने रिकाम्या हाताने येऊ नये आणि मान खाली घालूनही येऊ नये, याची काळजी घेणाऱ्याच्या बाजूने घेतली होती.

पुढे प्रभू येशू मोठा झाल्यावर याच मंदिरात दानपेटीसमोर बसला होता. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते, एका विधवेने दोन दमड्या टाकल्या (मार्क १२:४१-४४). त्या दमड्यांनी मंदिराच्या कारभारात काही फरक पडला नसेल. पण प्रभूने त्या पाहिल्या, शिष्यांना जवळ बोलावले आणि हिने सर्वांहून अधिक दिले असे सांगितले. इतरांच्या डोळ्यांना ज्या दोन दमड्या होत्या, त्यात त्याला तिची सगळी उपजीविका दिसली. संत पौलही करिंथकरांना हेच समजावतो, की देण्याची इच्छा असली म्हणजे माणसाजवळ जे आहे त्यानुसार दान मान्य होते, जे नाही त्यानुसार नव्हे (२ करिंथ ८:१२).

आपल्या गावातही हे शहाणपण आहे. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांकडून चकल्या-लाडवांचे ताट येते, नाताळात आपल्याकडून करंज्या आणि केक जातो. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, ही जुनी रीत. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर घालायची. त्या साखरेला आजवर कोणी तराजू लावलेला नाही. तीही एक प्रकारे दोन पारव्यांची सोयच आहे.

मग महागडी भेट देणे चूक आहे का? तसे नाही. ज्ञानी लोकांनी बाळापुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवले, तेही स्वीकारले गेले. ज्याला देव देतो त्याने मोकळ्या हाताने द्यावे. उलट ऐपत असताना घरातली अडगळ कागदात गुंडाळून द्यायची आणि त्याला 'साधेपणा' म्हणायचे, हा शुद्ध कंजूषपणा झाला. घरी केलेली वस्तू आपोआप पवित्र होत नाही. तसेच, पहाटे डबा करून चर्चगेटची गाडी पकडणारी आणि रात्री आठला घरी येणारी माता जर बेकरीतून केक आणत असेल, तर तिचे प्रेम कमी आहे असे कोणी म्हणू नये. काहींकडे पैसा कमी असतो, काहींकडे वेळ. ज्याच्यापाशी जे थोडे आहे, त्यातून त्याने काही काढून दिले, तर ती खरी भेट.

पैसा कमी आणि वेळ थोडाफार असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी सुचवतो. यांतल्या पुष्कळ आमच्या घरी करून पाहिल्या आहेत.

नाताळचा तारा विकत आणण्याऐवजी घरी करता येतो. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामठ्या घ्याव्यात. पाच-पाच कामठ्यांचे दोन तारे बांधून ते एकमेकांवर ठेवावेत आणि पाचही टोके सुतळीने जोडावीत. मधल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीचे तुकडे उभे बसवले की तारा फुगतो. मग पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. दोन संध्याकाळी लागतात, पण बाप आणि मुले दोन संध्याकाळी एकत्र बसतात हा फायदा वेगळाच.

जुन्या सुती साड्यांची गोधडी नव्या बाळाला द्यावी, तिच्यासारखी मऊ वस्तू दुकानात नाही. वाडीतल्या लिंबांचे लोणचे बरणीत भरून द्यावे. कढीपत्त्याचे किंवा तुळशीचे रोप जुन्या डब्यात लावून द्यावे. आजीच्या हातच्या पदार्थांची कृती तिला विचारून एका वहीत लिहावी आणि सासरी गेलेल्या बहिणीला द्यावी. आजी गेल्यावर ती वही कोणत्याही किमतीला मिळणार नाही.

जिथे वस्तूच नको, तिथे वेळ द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याजवळ रविवारची एक दुपार बसावे, म्हणजे त्याची सेवा करणारी सून चार तास माहेरी जाऊन येईल. शेजारच्या वृद्ध जोडप्याच्या खुर्चीचा मोडलेला पाय दुरुस्त करावा. कॅनडातल्या मुलाला ज्यांना फोन लावता येत नाही, त्यांना रोज ठरलेल्या वेळी तो लावून द्यावा.

आपण ज्या गव्हाणीपुढे गुडघे टेकतो, तिची परंपराही अशाच साध्या तयारीतून लोकप्रिय झाली. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री बेथलेहेमचे दृश्य उभे केले. त्यासाठी त्याने मागितले ते एवढेच : गवत, एक गव्हाण, एक बैल आणि एक गाढव.

हे सगळे देणाऱ्यांसाठी झाले. पण माझी खरी विनंती घेणाऱ्यांना आहे. या नाताळात वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्याने बांधलेली एखादी वस्तू कोणी तुमच्या हातात ठेवील. ती बाजूला ठेवू नका. देणाऱ्यासमोर उघडा. कशी केली ते विचारा. लोणचे असेल तर त्याच जेवणाला वाढून घ्या, तारा असेल तर त्याच रात्री टांगा. मुलांना घरून निघतानाच सांगा, की भेट कोणाचीही असो, किंमत विचारायची नाही आणि दुसऱ्या भेटीशी तुलना करायची नाही. दहा वर्षांच्या मुलाचे वाक्य लोक हसण्यावारी नेतात. पण त्या वाक्याने एखाद्याचे हात कायमचे थांबू शकतात.

माझ्या मावशीची पिशवी मी शाळेत कधी नेली नाही. आईने ती ठेवून दिली. त्यात ती गीतांची पुस्तके घालून रविवारी मिस्साला नेत असे. वीस वर्षे तिने ती वापरली आणि शिवण कुठे उसवली नाही. आता ती माझ्या कपाटात आहे. लाल दोऱ्याचे अक्षर फिकट झाले आहे, पण वाचता येते.

ख्रिस्तजयंतीच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा!